जतन केलेली नोंद पडद्यावर जुनीच का दिसते? रिअ‍ॅक्टमधील स्टेटच्या नेहमीच्या तक्रारीचे निवारण

“ऑर्डरमधले नग बाराचे पंधरा केले, सेव्ह दाबले, हिरवी पट्टीही आली, पण डावीकडच्या यादीत अजून बाराच दिसतात. पान रीफ्रेश केले की पंधरा होतात.” घाऊक किराणा मालाच्या ऑर्डर नोंदवण्याच्या एका वेब अ‍ॅप्लिकेशनवर मी काम करत होतो, तेव्हा ही तक्रार एका वर्षात चार वेळा आली. चारही वेळा आम्ही ती दुरुस्त केली, चारही वेळा दुरुस्ती खरीच होती, आणि तरीही काही आठवड्यांनी तेच वाक्य पुन्हा कानावर पडले. तक्रारीचे शब्द एक असले तरी मागची कारणे निरनिराळी होती आणि आम्ही दर वेळी मागच्या वेळचेच औषध आधी देऊन पाहत होतो, हे लक्षात यायला आम्हाला उशीर लागला. त्या चार कारणांना एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावे आणि प्रत्येकावर नेमके काय करावे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे. उदाहरणे रिअ‍ॅक्टमधील (पडदे बांधण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीतील) फंक्शन कंपोनंट, म्हणजे पडद्याचा एक भाग रंगवणारी फंक्शने, आणि त्यांना स्टेट, म्हणजे पडद्यामागे लक्षात ठेवलेली माहिती, वगैरे देणाऱ्या हुक्सची आहेत, म्हणजे फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या १६.८ आवृत्तीपासून पुढची. पण त्यांतली दोन कारणे, एकाच माहितीच्या दोन प्रती आणि उशिरा पोहोचलेले जुने उत्तर, व्ह्यू, स्वेल्ट अशा दुसऱ्या लायब्ररींत किंवा कोणतीही लायब्ररी न वापरता लिहिलेल्या साध्या जावास्क्रिप्टमध्येही तितकीच भेटतात.

ही तक्रार नवी नाही आणि ती फक्त लहान टीमच्या वाट्याला येते असेही नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये फ्लक्स ही रचना लोकांसमोर मांडली तेव्हा त्यांनी स्वतःच्या चॅटचे उदाहरण दिले होते. न वाचलेल्या संदेशांचा आकडा वर दिसायचा, उघडून पाहिले तर नवा संदेश नसायचा. बग काढला की काही दिवसांनी तो परत यायचा. एकच गोष्ट पानावरच्या अनेक ठिकाणांना आपापल्या परीने माहीत होती आणि त्या ठिकाणांचे एकमेकांशी जुळत नव्हते, हे त्याचे मूळ होते. पुढे २०१५ मध्ये आलेल्या रिडक्स या स्टेट सांभाळणाऱ्या लायब्ररीची बैठकही याच विचारावर आहे.

जुना आकडा कुठे अडकला ते आधी पाहावे

बाराचे पंधरा पडद्यावर येईपर्यंत तो आकडा चार मुक्काम करतो. सेव्हची विनंती सर्व्हरकडे जाते, सर्व्हरचे उत्तर येते, त्या उत्तरावरून स्टेट बदलते आणि बदललेल्या स्टेटवरून पडदा पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्याने रंगवला जातो. कोडला हात लावण्याआधी जुना आकडा यांपैकी कोणत्या मुक्कामावर राहिला हे पाहिले, तर निम्म्याहून अधिक काम तिथेच होते.

ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून सेव्हच्या विनंतीत पंधरा गेले का, हे पहिल्यांदा पाहावे. विनंतीतच बारा गेले असतील तर आपल्याच कोडमधल्या एखाद्या फंक्शनने जुनी व्हॅल्यू धरून ठेवलेली आहे. विनंती बरोबर असून उत्तरात बारा आले असतील, तर दोष सर्व्हरचा किंवा मधल्या कॅशेचा (आधीची उत्तरे साठवणाऱ्या जागेचा) आहे आणि पडद्याचा कोड चाळत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही बरोबर असतील तर रिअ‍ॅक्ट डेव्हटूल्समध्ये (कंपोनंट आतून दाखवणाऱ्या ब्राउझरच्या जोडसाधनात) यादीचा कंपोनंट निवडून त्याच्या हातात कोणता आकडा आहे ते पाहावे, आणि मग उजवीकडच्या तपशिलाच्या कंपोनंटचेही तसेच पाहावे. स्टेटमध्ये पंधरा असून पडद्यावर बारा असतील, तर ऑब्जेक्ट जागच्या जागी बदलला गेला असण्याची शक्यता सर्वांत मोठी. तपशिलात पंधरा आणि यादीत बारा असतील, तर एकाच माहितीच्या दोन प्रती आहेत. आणि क्षणभर पंधरा चमकून पुन्हा बारा झाले असतील, तर उशिरा पोहोचलेल्या जुन्या उत्तराने नव्या उत्तरावर पाणी फिरवले आहे.

रीफ्रेश केल्यावर सगळे बरोबर दिसते, यावरून मात्र काहीच निदान होत नाही. रीफ्रेशने सगळी स्टेट पुसून पान कोऱ्या पाटीवर सुरू होते, त्यामुळे चारही दोष त्याने सारखेच झाकले जातात. सेव्हनंतर पान आपोआप रीलोड करण्याची एक ओळ आम्हीही पहिल्या तक्रारीनंतर घातली होती. तिच्यामुळे माणसाने लांब यादीत गाठलेली जागा सुटायची, लावलेले फिल्टर जायचे आणि दुसऱ्या खणात अर्धवट लिहिलेली टीपही पुसली जायची. तक्रार थांबली, पण काम करणाऱ्या माणसाचा त्रास वाढला. हा उपाय मी आता कोणालाही सुचवत नाही.

जागच्या जागी बदललेला ऑब्जेक्ट

स्टेटला नवी व्हॅल्यू दिली की रिअ‍ॅक्ट जुनी आणि नवी व्हॅल्यू ऑब्जेक्ट.इज या नियमाने ताडून पाहते. आकडा किंवा मजकूर असेल तर त्यात अडचण येत नाही. अ‍ॅरे आणि ऑब्जेक्टच्या बाबतीत मात्र आतला मजकूर पाहिला जात नाही, रेफरन्स तोच आहे की वेगळा एवढेच पाहिले जाते. दुकानातल्या वहीची पाने न उलटता फक्त वही तीच आहे की दुसरी एवढे पाहावे, तसे हे आहे. आतल्या पानावर बाराचे पंधरा केले आणि तीच वही परत दिली, तर रिअ‍ॅक्टच्या लेखी काहीच बदललेले नसते आणि पडदा पुन्हा रेंडर होत नाही.

हा दोष ओळखण्याची एक खूण फार उपयोगी आहे. सेव्हनंतर आकडा जुनाच राहतो, पण शोधाच्या खणात एखादे अक्षर टाइप केले की तो एकदम बदलतो. कारण शोधाच्या खणाची स्टेट खरोखर बदलते, तिच्यामुळे कंपोनंट पुन्हा रेंडर होतो आणि आधीच बदलून बसलेला आकडा आयताच पडद्यावर येतो. विकासकाच्या मशीनवर हा दोष दिसत नाही त्याचेही कारण हेच असते: शेजारची एखादी स्टेट त्याच वेळी बदलत असेल तर चुकीचा कोडही बरोबर चालल्यासारखा भासतो, आणि काही महिन्यांनी कोणीतरी ती शेजारची स्टेट काढून टाकली की तक्रार सुरू होते.

पुश आणि स्प्लाइस जागच्या जागी बदल करतात हे बहुतेकांना ठाऊक असते. सॉर्ट आणि रिव्हर्सचे भान मात्र सुटते, कारण ती दोन्ही फंक्शने अ‍ॅरे परत देतात आणि परत आलेला अ‍ॅरे नवा असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो जुनाच असतो. तारखेनुसार लावलेली यादी कधी लागते आणि कधी लागत नाही, अशी तक्रार असेल तर आधी सॉर्ट शोधावे. २०२३ च्या जावास्क्रिप्ट मानकात टूसॉर्टेड, टूरिव्हर्स्ड आणि विथ ही नवी प्रत देणारी फंक्शने आली आहेत. जुन्या ब्राउझरांचा विचार करायचा असेल तर आधी अ‍ॅरेची प्रत करून मग सॉर्ट करावे.

याहून फसवी जागा म्हणजे वरवरची प्रत. तीन टिंबांच्या स्प्रेडने केलेली प्रत फक्त वरच्या थराची असते. ऑर्डरच्या आत मालाच्या ओळींचा अ‍ॅरे आहे, त्यातल्या तिसऱ्या ओळीत नगांचा आकडा आहे. अशा वेळी ऑर्डरची प्रत केली तरी आतला अ‍ॅरे आणि आतली ओळ जुन्या ऑर्डरशी सामायिकच राहतात. बदल जिथे करायचा तिथपर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक थर नवा करावा लागतो: यादी नवी, त्यातली ती एक ऑर्डर नवी, तिच्यातला ओळींचा अ‍ॅरे नवा, ती एक ओळ नवी. वाटेवर नसलेले सगळे तसेच ठेवावे. सगळेच नवे करण्यासाठी स्ट्रक्चर्डक्लोन हे सगळ्या थरांची प्रत करणारे फंक्शन वापरणे सोपे वाटते, पण त्याने न बदललेल्या शेकडो ऑर्डरींचे रेफरन्सही बदलतात, मेमोने (प्रॉप न बदललेला कंपोनंट पुन्हा रेंडर होऊ न देणाऱ्या सोयीने) वाचवलेले रेंडर पुन्हा होऊ लागतात, आणि ऑब्जेक्टमध्ये कुठे फंक्शन असेल तर ते थेट एरर देते. थर खोल असतील तर इमर ही लायब्ररी वापरावी. लिहिताना जागच्या जागी बदल केल्यासारखे लिहिता येते आणि आवश्यक तेवढेच थर ती नवे करते. रिडक्स टूलकिटच्या रिड्युसरमध्ये (स्टेट कशी बदलायची ते ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये) तीच आतून काम करते, म्हणून तिथे केलेला पुश चालतो. तोच पुश रिड्युसरच्या बाहेर, एखाद्या कंपोनंटमध्ये केला तर तो चुकीचाच असतो. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही पद्धती असतात तेव्हा नव्या माणसाची गल्लत इथेच होते.

नेमकी कोणती ओळ जागच्या जागी बदल करते हे शोधण्यासाठी, फक्त डेव्हलपमेंटमध्ये, सर्व्हरकडून आलेला डेटा ऑब्जेक्ट.फ्रीझने गोठवावा. फ्रीझही वरच्या थरापुरतेच असते, म्हणून आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टवर ते लावणारे आठ-दहा ओळींचे फंक्शन लिहावे लागते. मॉड्यूलमधला कोड जावास्क्रिप्टच्या स्ट्रिक्ट मोडमध्येच, म्हणजे अशा चुका खपवून न घेणाऱ्या पद्धतीत, चालतो, त्यामुळे गोठवलेल्या ऑब्जेक्टला हात लागताच टाइपएरर येतो आणि त्याच्या स्टॅक ट्रेसमध्ये गुन्हेगार ओळ सापडते. आमच्याकडे ती ओळ तिसऱ्याच फाइलमध्ये, छापील बिलाचा क्रम लावण्यासाठी लिहिलेल्या सॉर्टमध्ये निघाली. नजरेने शोधत बसलो असतो तर तिथे कधीच पोहोचलो नसतो.

एकाच माहितीच्या दोन प्रती

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ खाणारे कारण हेच आहे, आणि एक टीम म्हणून सवय बदलावी लागते तीही इथेच. यादीतली ऑर्डर निवडली की ती ऑर्डर जशीच्या तशी उचलून ‘निवडलेली ऑर्डर’ या नावाच्या दुसऱ्या स्टेटमध्ये ठेवली जाते. त्या घटकेपासून एका ऑर्डरच्या दोन प्रती होतात. सेव्हनंतर विकासक एक प्रत बदलतो, दुसरी विसरतो. मग तो दुसरी बदलण्यासाठी एक यूजइफेक्ट (रेंडरनंतर काही काम चालवणारा हुक) लिहितो. मग वरच्या पट्टीत ‘प्रलंबित ऑर्डर’चा आकडा येतो, त्यासाठी तिसरी स्टेट आणि दुसरा यूजइफेक्ट येतो. एक इफेक्ट दुसऱ्याला चालना देतो, मधल्या एका रेंडरमध्ये पडद्यावर नवे आणि जुने एकत्र दिसते, आणि कोणता आकडा खरा हे कोड वाचून सांगता येईनासे होते.

या ठिकाणी प्रत्येक स्टेटला एक प्रश्न विचारावा: ही माहिती दुसऱ्या कुठल्या स्टेटवरून काढता येते का? येत असेल तर ती स्टेट असूच नये. निवडलेल्या ऑर्डरचा फक्त आयडी स्टेटमध्ये ठेवावा आणि ऑर्डर रेंडरच्या वेळी यादीतून शोधून घ्यावी. प्रलंबित ऑर्डरींची संख्या, बिलाची बेरीज, फिल्टर लावलेली यादी, ‘सगळे निवडले’ या चौकटीची खूण ही सगळी रेंडरमध्ये काढायची गोष्ट आहे. दर वेळी बेरीज करण्याने अ‍ॅप मंद होईल ही भीती अनेकदा बोलून दाखवली जाते. काही हजार ओळींची बेरीज किंवा गाळणी मोजून पाहिल्याशिवाय महाग मानू नये; मोजल्यावर खरोखर महाग निघाली तर काढलेले उत्तर जपून ठेवणारा यूजमेमो हा हुक आहे. यूजमेमोने प्रत जुनी पडत नाही, कारण अवलंबून असलेली माहिती बदलली की ती पुन्हा काढली जाते.

फॉर्मचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. नग बदलण्याच्या फॉर्ममध्ये प्रॉप म्हणून, म्हणजे वरच्या कंपोनंटकडून, आलेला आकडा यूजस्टेटला सुरुवातीची व्हॅल्यू म्हणून दिलेला असतो. ही सुरुवातीची व्हॅल्यू फक्त पहिल्या रेंडरला वाचली जाते. त्यामुळे वापरणाऱ्याने यादीतली दुसरी ऑर्डर निवडली, प्रॉप बदलला, तरी फॉर्ममध्ये पहिल्या ऑर्डरचेच नग राहतात. हा दोष केवळ दिसण्यापुरता नाही: तसाच सेव्ह दाबला तर पहिल्या दुकानदाराचे नग दुसऱ्या दुकानदाराच्या ऑर्डरवर चढतात. आमच्याकडे चौथ्या तक्रारीच्या वेळी असेच घडले होते आणि तेलाचे डबे चुकीच्या दुकानी जाण्याच्या बेतात होते.

नेहमीचा उपाय म्हणजे प्रॉप बदलला की यूजइफेक्टमधून स्टेट बदलणे. हा उपाय दोन ठिकाणी तोंडघशी पाडतो. एक म्हणजे इफेक्ट रेंडरनंतर चालतो, म्हणून एक रेंडर जुन्याच आकड्यांनी होऊन जातो. दुसरे अधिक गंभीर आहे: मागे कुठेतरी यादी पुन्हा आणली गेली आणि ऑर्डरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स बदलला, की इफेक्ट पुन्हा चालतो आणि वापरणारा टाइप करत असलेला मजकूर त्याच्या डोळ्यांदेखत पुसला जातो. त्याऐवजी फॉर्मच्या कंपोनंटला ऑर्डरचा आयडी हाच ‘की’ (key, कंपोनंटची ओळख ठरवणारा) प्रॉप म्हणून द्यावा. आयडी बदलला की रिअ‍ॅक्ट जुना फॉर्म काढून नवा उभा करते आणि त्याची स्टेट नव्या ऑर्डरपासून सुरू होते. एका ओळीचे काम आहे आणि त्याने तीन इफेक्ट वाचतात.

फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर ही मग ऑर्डरची प्रत राहत नाही. तो मसुदा आहे, म्हणजे ‘सर्व्हरवर काय आहे’ याहून वेगळी माहिती आहे, आणि तिला स्वतःची जागा मिळणे रास्तच आहे. मसुदा उघडा असताना सर्व्हरवरची तीच ऑर्डर दुसऱ्या कोणी बदलली तर काय करायचे, हा निर्णय कोडने आपोआप घ्यायचा नाही. तो कामाचे स्वरूप पाहून माणसांनी ठरवायचा. आम्ही मसुदा तसाच ठेवून वर एक सूचना दाखवतो.

याच विचाराने पुढे गेले की सर्व्हरवरून आलेली माहिती आणि पडद्याची स्वतःची माहिती यांत फरक करावा लागतो. कोणता टॅब उघडा आहे, कोणती ओळ निवडली आहे, ही पडद्याची माहिती. तिचा मालक ब्राउझर. ऑर्डरींची यादी ही सर्व्हरच्या माहितीची काही काळापुरती आणलेली नक्कल. तिचा मालक सर्व्हर. दुसऱ्या प्रकारासाठी टॅनस्टॅक क्वेरीसारखी, सर्व्हरची माहिती आणून कॅशेत ठेवणारी लायब्ररी वापरत असाल तर सेव्ह यशस्वी झाल्यावर यादीची क्वेरी आणि त्या एका ऑर्डरच्या तपशिलाची क्वेरी अशा दोन्ही अवैध ठरवाव्या, म्हणजे पुन्हा आणायला लावाव्या लागतात, कारण क्वेरीची ‘की’ वेगळी असेल तर कॅशेतली नोंदही वेगळी असते. स्टेलटाइम, म्हणजे माहिती ताजी मानण्याचा काळ, मूळचा शून्य असतो, त्यामुळे माहिती लगेच शिळी मानली जाते हे खरे. पण शिळी मानणे म्हणजे त्याच क्षणी पुन्हा आणणे नव्हे. कंपोनंट नव्याने पडद्यावर उभा राहिला (माउंट झाला), खिडकीवर पुन्हा फोकस आला किंवा नेटवर्क परत आले, अशा निमित्तानेच ती पुन्हा आणली जाते. “दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलो की आकडा बरोबर होतो” अशी तक्रार असेल तर अवैध ठरवायची राहून गेलेली क्वेरी शोधावी.

उशिरा पोहोचलेले जुने उत्तर

शोधाच्या खणात वापरणारा ‘सांगली’ टाइप करतो. ‘सा’ला एक विनंती जाते, ‘सांग’ला दुसरी, ‘सांगली’ला तिसरी. ‘सा’ने सुरू होणारी गावे पुष्कळ, म्हणून त्या विनंतीला सर्व्हरवर वेळ लागतो; ‘सांगली’चे उत्तर आधी येते, यादी बरोबर दिसते, आणि अर्ध्या सेकंदाने ‘सा’चे उत्तर येऊन साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंतची सगळी यादी तिच्यावर बसते. खणात ‘सांगली’, खाली सातारा. विनंत्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील याची हमी कोणीही दिलेली नसते.

डिबाउन्स (टाइप करणे थोडे थांबेपर्यंत विनंती रोखणे) लावला की हे कमी वेळा घडते, म्हणून अनेकांना दोष गेल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो, दुर्मीळ झालेला असतो, आणि दुर्मीळ दोष शोधायला अधिक कठीण. उपाय यूजइफेक्टच्या क्लीनअप फंक्शनमध्ये (इफेक्ट पुन्हा चालण्याआधी किंवा कंपोनंट काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आहे: शोधाचा शब्द बदलला की आधीच्या विनंतीचे उत्तर आता नको, असे तिथे नोंदवून ठेवावे आणि उत्तर आल्यावर ती नोंद पाहूनच स्टेट बदलावी. अ‍ॅबॉर्टकंट्रोलर वापरला तर विनंतीच रद्द होते. त्या वेळी येणारा अ‍ॅबॉर्टएरर हा खरा एरर नाही, म्हणून तो वापरणाऱ्याला लाल पट्टीत दाखवू नये. हे फक्त माहिती आणण्याच्या विनंत्यांना लागू आहे. सेव्हची विनंती ब्राउझरकडून रद्द केली तरी ती सर्व्हरपर्यंत पोहोचून अमलात आलेली असू शकते, तेव्हा सेव्ह चालू असेपर्यंत बटण बंद ठेवणे किंवा सेव्हच्या विनंत्या एकामागून एक पाठवणे हाच तिथला मार्ग.

हा दोष मुद्दाम घडवून पाहायचा असेल तर ब्राउझरचे नेटवर्क थ्रॉटलिंग फारसे कामाला येत नाही, कारण ते सगळ्याच विनंत्या सारख्या मंद करते आणि क्रम सहसा तोच राहतो. चाचणीच्या सर्व्हरवर शोधाचा शब्द दोन अक्षरांचा असेल तर तीन सेकंद थांबून उत्तर द्यावे. मग दोष दर वेळी दिसतो आणि दुरुस्तीची खात्रीही करता येते.

शोधाच्या खणाचा विषय निघालाच आहे तर मराठी टाइप करणाऱ्यांच्या एका अडचणीची नोंद इथेच करतो. रोमन अक्षरे टाइप करून देवनागरी देणाऱ्या कीबोर्डवर शब्द पुरा होईपर्यंत ब्राउझर त्याला तात्पुरता मजकूर मानतो आणि कॉम्पोझिशनचे इव्हेंट पाठवतो. त्या काळात ऑनचेंजमध्ये मजकूर ट्रिम करून किंवा काही अक्षरे गाळून तो परत खणात भरला, तर अर्धवट शब्द तुटतो, अक्षरे दुहेरी उमटतात. स्टेटमध्ये वापरणाऱ्याने लिहिलेले जसेच्या तसे ठेवावे. साफसूफ शोधाची विनंती पाठवताना करावी. इंग्रजीत चाचणी करून पुढे पाठवलेल्या फॉर्ममध्ये हा दोष हमखास राहून जातो.

जुन्या रेंडरमध्ये अडकलेले फंक्शन

सेव्हच्या विनंतीतच बारा गेले असतील तर कारण बहुधा हे असते. फंक्शन कंपोनंटमध्ये प्रत्येक रेंडरची स्टेट त्या रेंडरपुरती स्थिर असते, आणि त्या रेंडरमध्ये तयार झालेले फंक्शन त्याच आकड्यांना धरून राहते. सेटनग (नगांची स्टेट बदलणारे फंक्शन, म्हणजे सेटर) बोलावल्यानंतर लगेच पुढच्या ओळीत नग कन्सोलवर छापले तर जुनाच आकडा दिसतो. तो बग नाही. नवा आकडा पुढच्या रेंडरमध्ये मिळणार आहे. याच कारणाने एका क्लिकमध्ये ‘नग अधिक एक’ तीनदा लिहिले तरी आकडा एकानेच वाढतो. आधीच्या आकड्यावरून नवा आकडा ठरत असेल तर सेटरला व्हॅल्यू न देता फंक्शन द्यावे. त्याला त्या घटकेचा खरा आकडा हाती मिळतो.

याचे त्रासदायक रूप टायमरमध्ये दिसते. दर तीस सेकंदांनी मसुदा आपोआप जतन करणारा इंटरव्हल आम्ही यूजइफेक्टमध्ये लावला आणि डिपेंडन्सी अ‍ॅरे (काय बदलले की इफेक्ट पुन्हा चालवायचा त्याची यादी) रिकामा ठेवला. इंटरव्हलला पहिल्या रेंडरचेच फंक्शन मिळाले, त्या वेळी मसुदा रिकामा होता, आणि मग दर तीस सेकंदांनी रिकामाच मसुदा जतन होत राहिला. अशा जागी मसुदा डिपेंडन्सीमध्ये घालावा आणि क्लीनअपमध्ये टायमर काढावा. मग इंटरव्हलऐवजी शेवटच्या बदलानंतर ठरावीक वेळ थांबून जतन करणारा साधा टाइमआउट होतो, आणि मसुद्यासाठी तो अधिक योग्यही असतो. ठरावीक अंतरानेच जतन करायचे असेल तर सर्वांत ताजा मसुदा रेफमध्ये (सगळ्या रेंडरमध्ये तीच राहणाऱ्या पेटीत) ठेवून टायमरने तो वाचावा. हुक्ससाठीच्या ईएसलिंटच्या (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाच्या) नियमावलीत डिपेंडन्सी सुटल्याची सूचना देणारा नियम आहे. आमच्या कोडमध्ये ती सूचना आलेली होती आणि टिप्पणी लिहून ती बंद केलेली होती. तेव्हापासून ती सूचना बंद करणारी प्रत्येक ओळ मी संशयाने पाहतो, आणि नव्या प्रोजेक्टमध्ये हात घातला की पहिल्या दिवशी अशा ओळी शोधून काढतो.

मार्च २०२२ च्या १८ व्या आवृत्तीपासून रिअ‍ॅक्टच्या स्ट्रिक्टमोडमध्ये (हा जावास्क्रिप्टच्या स्ट्रिक्ट मोडहून वेगळा), फक्त डेव्हलपमेंटच्या वेळी, प्रत्येक इफेक्ट एकदा लावून, काढून, पुन्हा लावला जातो. विनंती दोनदा जाते म्हणून काही जण स्ट्रिक्टमोडच काढून टाकतात. तसे करू नये. क्लीनअप राहून गेलेला इफेक्ट दाखवून देण्यासाठीच ते आहे, आणि वरचे दोन्ही दोष त्याच जातीचे आहेत.

उरलेल्या काही जागा

ओळ काढून टाकल्यावर खालच्या ओळीतला टाइप केलेला आकडा भलत्याच मालासमोर दिसत असेल, तर यादीतल्या ओळींना ‘की’ म्हणून अ‍ॅरेतला क्रमांक दिलेला आहे. तिथे त्या ओळीचा आयडी द्यावा. ओळ अजून सर्व्हरवर गेलेली नसेल तर ती तयार करतानाच तिला तात्पुरता आयडी द्यावा, रेंडरमध्ये नाही, कारण रेंडरमध्ये दिला तर तो दर वेळी बदलतो आणि प्रत्येक अक्षरानंतर खणावरचा फोकस जातो.

लायब्ररी बदलल्याने हे सगळे सुटेल का, असा प्रश्न दर वेळी येतो. सप्टेंबर २०२० मध्ये आलेले व्ह्यू ३ प्रॉक्सीच्या (ऑब्जेक्टवरचा प्रत्येक बदल मध्येच पाहणाऱ्या सोयीच्या) आधारे बदल टिपते, त्यामुळे जागच्या जागी बदल करणे तिथे दोष ठरत नाही. रिडक्स टूलकिटही डेव्हलपमेंटमध्ये असा बदल पकडून एरर देते. पण दोन प्रती ठेवल्या तर त्या कोणत्याही लायब्ररीत दोनच राहतात, आणि उशिरा आलेले उत्तर कोणत्याही स्टोअरमध्ये उशिराच येते.

दोन टॅबमध्ये एकच ऑर्डर उघडलेली असेल तेव्हाचा दोष शेवटी हाती घ्यावा, कारण वरचे सगळे दुरुस्त झाल्याशिवाय तो स्वच्छ दिसत नाही. लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठवणीत) काही बदलले की स्टोरेज इव्हेंट त्याच ओरिजिनच्या (त्याच साइटच्या) इतर टॅबना मिळतो, बदल करणाऱ्या टॅबला मिळत नाही; त्यामुळे त्याच टॅबमधली स्टेट आपणच बदलावी लागते. टॅबांनी एकमेकांना ‘ही ऑर्डर बदलली’ एवढेच कळवायचे असेल तर ब्रॉडकास्टचॅनल अधिक सरळ आहे: त्यावरून फक्त आयडी पाठवावा आणि दुसऱ्या टॅबने ती ऑर्डर सर्व्हरकडून नव्याने आणावी. आणि दोन टॅबऐवजी दोन माणसे दोन मशीनवर बसलेली असतील तर ब्राउझरमध्ये कितीही काळजी घेतली तरी पुरत नाही. प्रत्येक ऑर्डरला आवृत्ती क्रमांक द्यावा, सेव्हच्या विनंतीसोबत तो पाठवावा, आणि सर्व्हरवरचा क्रमांक पुढे गेलेला असेल तर सर्व्हरने सेव्ह न करता ४०९ हा, दोन बदलांत विरोध असल्याचे सांगणारा, स्टेटस परत द्यावा. तो आल्यावर आमच्या पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात, सर्व्हरवरचे अठरा आणि तुमच्या मसुद्यातले पंधरा, आणि कोणते ठेवायचे ते ऑर्डर घेणारा दुकानदाराला फोन करून ठरवतो.